न मारलेला चेंडू

ध्वनिक्षेपकावरून अन्सेल्मो किरोसचं नाव पुकारलं गेलं तेव्हा लॉटी डूडेकच्या हातातलं सॉसेज तिच्या तोंडापासून दोन बोटांवर होतं. ते तिथेच राहिलं. मोहरीच्या सॉसचा एक थेंब मनगटावरून कोपराकडे निघाला, तोही तिने जाऊ दिला. एप्रिलपासून ज्या एका गोष्टीसाठी ती रेडिओवर भांडत होती ती तिला आत्ता चाळीस हजार माणसांसमोर, कुठलीही हरकत न घेता देण्यात येत होती, आणि तिला ती आत्ता नकोशी झाली होती. बेसबॉलच्या हंगामातला शेवटचा रविवार, नववी इनिंग, धावा चार-चार, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर, धावेच्या तिन्ही टप्प्यांवर, आपली माणसं. एक धाव आली की बार्जमेनचा संघ सव्वीस वर्षांनी प्लेऑफमध्ये. आणि त्या धावेसाठी बाकावरून जो माणूस उठत होता तो अडतीस वर्षांचा होता आणि हप्त्याहप्त्याने उठत होता: आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कंबर. मॅनेजर डेल हॅम्रिकने अखेर लॉटीचं ऐकलं असं कुणाला वाटलं असतं तर तो गैरसमज होता. पाळी बक टॉलिव्हरची होती. पण सातव्या इनिंगमध्ये दिवसात तिसऱ्यांदा हवेला रट्टा मारून परतताना टॉलिव्हरने पाण्याच्या पिंपाला ठोसा लगावला होता. पिंपाला काही झालं नाही. टॉलिव्हरची दोन बोटं सुजली. हॅम्रिकने बाकाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत पाहिलं, आणि दोन्ही खेपेला उरला होता तो किरोस. व्यवस्थापनं लोकांचं मत मान्य करतात ती अशीच.

"बघ, आला तुझा पुतळा," नॉर्ब म्हणाला. नॉर्ब तिचा नवरा. त्याच्या मांडीवर धावांची वही होती आणि हातात पेन होतं. शेजारीपाजारी सगळे पेन्सिलने नोंदी करतात, चुकलं तर खोडायला. नॉर्बला खोडणं मान्य नव्हतं. मागच्या रांगेतून मटणवाला एडी सोबोल पुढे वाकला. त्याच्या तोंडाला कांद्याचा वास होता. "लॉटी, आज पोटभर बोलून घे गं बाई. उद्यापासून तोंडाला कुलूप." आजूबाजूचे दहा-बारा जण हसले. त्यांतल्या निम्म्यांना ती ओळखतही नव्हती, पण तिला सगळं शहर ओळखत होतं, आणि उद्यापासून काय होणार हेही सगळ्या शहराला माहीत होतं.

ते तिनेच करून ठेवलं होतं. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून. बाजूला बटाटे उकडत होते. व्हिन्स टेडेस्कोच्या कार्यक्रमात लोक फोन करून संघाला शिव्या घालतात, आणि व्हिन्स त्या लोकांना शिव्या घालतो. संध्याकाळी चार ते सात शहर ह्यावर चालतं. "लॉटीबाई," व्हिन्स त्या दिवशी म्हणाला होता, "हा तुमचा किरोस प्लेटपाशी येतो तेव्हा त्याच्या हातात बॅट असते की छत्री? कारण तो उघडत तर काहीच नाही." ती म्हणाली, छत्रीच असते, आणि पाऊस कधी पडणार नाही हे त्याला कळतं, तुमच्या टॉलिव्हरला कळत नाही. "मग द्या शब्द," व्हिन्स म्हणाला. आणि बटाट्यांच्या वाफेत तिच्या तोंडून निघून गेलं की ऐन वेळी किरोसला पाठवा, तो आउट झाला तर मी पुन्हा ह्या कार्यक्रमाला फोन करणार नाही. कधीच नाही. पलीकडे व्हिन्सने स्टुडिओतली पितळी घंटा वाजवली. तेव्हापासून रोज सकाळी हवामान आणि रस्त्यांवरची गर्दी ह्यांच्या मधोमध तिचं 'कधीच नाही' वाजत होतं. बेकरीतली पोरगी पावाबरोबर सुटे पैसे देताना म्हणायची, कधीच नाही का हो, मिसेस डूडेक. चर्चमध्ये फादरनी हात मिळवताना किरोसच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि त्या चौकशीत प्रार्थनेचा सूर नव्हता.

किरोसने प्लेटपाशी, फलंदाजाच्या जागी, येऊन बुटाने माती सारखी केली. फार वेळ केली, एखादी बाई पाहुणे यायच्या आधी चादर ओढते तशी. समोरचा चेंडू टाकणारा पिचर उंच, कोवळा आणि घाईत होता. पहिला चेंडू बाहेर, खाली. किरोसने तो नुसता पाहिला. बॉल एक. लॉटीने श्वास सोडला आणि मग सॉसेज कागदात गुंडाळून पायाशी ठेवलं. प्लेटवरच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर पडलेले असे चार 'बॉल' जो सोडतो तो चालत पहिल्या बेसवर जातो, आणि बेस भरलेले असतील तर पुढचा प्रत्येक गडी एकेक बेस सरकतो. त्याला वॉक म्हणतात. आणि खेळाच्या अधिकृत नोंदीत त्या माणसाने फलंदाजी केलीच नाही असं धरतात, हे लॉटीला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला हसू आलं होतं आणि नंतर बराच वेळ आलं नव्हतं. गेल्या साली किरोस असा एकोणऐंशी वेळा चालत गेला होता. ह्या साली त्याला बाकावर बसवलं, कारण तो आक्रमक नाही असं हॅम्रिक म्हणाला, आणि हॅम्रिक असं म्हणाला कारण मालक तसं म्हणाले होते, आणि मालक तसं म्हणाले होते कारण त्यांना आतषबाजी आवडते. टॉलिव्हरने चेंडू कुंपणापार टोलवून होमरन मारला की स्टेडियममागे सरोवरात उभ्या केलेल्या बार्जवरून दारूकाम सुटतं. वर्षाला तीसदा. उरलेल्या वेळी तो वारा घालतो आणि पुढच्या रांगेतल्या लोकांचे केस विस्कटतात. पण न मारलेल्या चेंडूसाठी दारूकाम कसं सोडायचं, हा प्रश्न व्यवस्थापनापुढे खराच होता, आणि तो त्यांनी किरोसला बसवून सोडवला होता.

दुसरा चेंडू गुडघ्यापाशी, कडेला. किरोस हलला नाही. पट्ट्यातून गेलेला चेंडू, म्हणून अंपायरचा हात वर गेला. स्ट्राइक. "अरे मार की," नॉर्ब ओरडला. चाळीस वर्षं लॉटी हे ऐकत होती, टीव्हीपुढे, रेडिओपुढे, झोपेतसुद्धा. मार की. नॉर्ब स्वतः आयुष्यात समोर येईल त्या चेंडूला मारत आला होता. तळघरात चिंचिला पाळल्या होत्या, मऊ केसांचे ते उंदरासारखे प्राणी, फरच्या कोटांसाठी. ते थंडीने नाही, उकाड्याने मेले. मग बोट घेतली, ती अंगणात मावली पण अंगणातून बाहेर काढता येईना. मग अकॉर्डियनची शिकवणी, विद्यार्थी एक, तोही नॉर्बचाच भाऊ. प्रत्येक खेपेला डोळे मिटून, पूर्ण ताकदीनिशी. तिला त्याचा राग कधी आला नव्हता. उन्हाळ्यात अंगणातल्या बोटीत बसून त्यांनी जेवणं केली होती. पण ती स्वतः वेगळी होती, आणि ती वेगळी आहे का, हे बासष्टाव्या वर्षापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

एकतीस वर्षं ती बिअरच्या कारखान्यात बाटल्या बघत बसली. धुतलेल्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून यायच्या, मागे पांढऱ्या दिव्याची काच, आणि त्या उजेडात चीर गेलेली, तळाशी घाण राहिलेली, कडा उडालेली बाटली दिसली की ती हाताने उचलून बाजूला टाकायची. मिनिटाला शंभर. नव्या पोरी पहिल्या आठवड्यात दिसेल ती बाटली उचलायच्या, भीतीपोटी. फोरमन ओरडायचा. उचलणं कुणालाही जमतं. सोडायची कुठली, हे हात शिकायला दोन वर्षं लागतात. आणि आवाज. बाटल्यांचा असा खणखणाट की कानात कापूस, बोलणं बंद, शेजारणीला वेळ विचारायची तर मनगट दाखवायचं. एकतीस वर्षांत तिने दिवसाकाठी आठ तास एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. घरी आली की नॉर्ब बोलत असायचा. निवृत्त झाली तेव्हा डोक्यात इतकी वाक्यं साठली होती की ती त्यांना घाबरायची. मग एकदा व्हिन्सच्या कार्यक्रमाला फोन लावला, सत्तेचाळीस मिनिटं ताटकळली, आणि अचानक कानात आला तो स्वतःचाच आवाज, शेजारच्या खोलीतल्या रेडिओतून जरा उशिराने येणारा. बाईचा, जाडसर, खात्री असलेला आवाज. ही कोण, असं तिला क्षणभर वाटलं होतं. नंतर मंगळवारी आणि शुक्रवारी ती बाई घरी येऊ लागली. आज किरोस चुकला तर ती बाई जाणार होती, आणि मागे उरणार होता कापूस.

तिसरा चेंडू पहिल्यासारखाच सुटला आणि शेवटच्या क्षणी आत वळला. स्ट्राइक दोन; तिसऱ्याला आउट. आता स्टेडियमने हूऽ करायला सुरुवात केली, ती वरच्या मजल्यावरून खाली येत आली आणि लॉटीच्या मानेवर थांबली. "आपल्या माणसाला सांग," एडी सोबोल म्हणाला, "ती बॅट शोकेसमध्ये ठेवायची नसते." तिने मान न वळवता विचारलं, "एडी, तुझ्या दुकानात काटा कसा बघतोस? थांबल्यावर की हलताना?" एडी मागे रेलला; काट्याचा विषय त्याला दुकानाबाहेर आवडत नसे. पण तिची बोटं खुर्चीच्या लोखंडात रुतली होती. चौथ्या चेंडूला किरोसने बॅट फिरवली, आणि ती फिरताना पाहून लॉटीला विश्वासघात झाल्यासारखं वाटलं. चेंडू कड घेऊन मागच्या जाळीत गेला. फाउल; तो मोजत नाहीत. जिवंत. पाचवाही तसाच. मग तिला कळलं की तो वेळ काढत नाहीये, तो निवडतोय. जे सोडता येत नाहीत तेवढेच तो बाजूला सारतो आहे, हाताने, चीर गेलेल्या बाटलीसारखे. हे तिला रेडिओवर सांगायला हवं होतं, आणि सांगायला आता जागा राहील की नाही ते ठाऊक नव्हतं.

सहावा चेंडू उंच. बॉल दोन. सातवा मातीत आपटला, फलंदाजामागे बसलेल्या कॅचरने अंग आडवं घालून अडवला. बॉल तीन. तीन आणि दोन. चाळीस हजार माणसं उभी राहिली, आणि लॉटी बसली. पुढच्या माणसांच्या पाठींमधून तिला प्लेटचा एक तुकडा दिसत होता, किरोसचा डावा हात आणि बॅटचं टोक. तेवढंच बरं होतं. कारखान्यातही तिला पट्टा सगळा दिसायचा नाही, दीड हात दिसायचा. सगळं शांत झालं, कानात खरोखरच कापूस घातल्यासारखं, आणि त्या शांततेत तिला एक विचित्र सुख झालं. तिचं ह्या जागेत काही चालणार नव्हतं. कुणाचंच चालणार नव्हतं. हॅम्रिक तोंडात सूर्यफुलाच्या बिया धरून चावायचा विसरला होता. मालक वर काचेमागे होते, आणि बार्जवर दारूकामवाले काडी हातात घेऊन निरोपाची वाट बघत होते. चेंडू सुटला. तो बाहेरच्या कडेवर आला, गुडघ्याच्या उंचीवर, इतका नीट की कुणीही मारावा, आणि शेवटच्या वीतभरात तो कडेपासून केसाएवढा ढळला. लॉटीने ती चीर पाहिली. शपथेवर सांगता येईल अशी पाहिली. तिचा हात मांडीवरून आपोआप उठला, उचलायला, आणि वाटेत थांबला. सोड.

किरोसने सोडला.

कॅचरने चेंडू जिथे पकडला तिथेच हातमोजा धरून ठेवला, अंपायरला दर्शन घडवल्यासारखा. शेजारी पेनाचा करकर आवाज झाला. लॉटीने खाली पाहिलं. नॉर्बने वहीच्या चौकटीत उलटा इंग्रजी के काढला होता. न मारता बघत उभा राहून आउट झालेल्या माणसासाठी ती खूण असते, आरशातल्यासारखा के, आणि नॉर्बने ती अंपायरच्या आधीच काढून टाकली होती, शाईने, नेहमीप्रमाणे पूर्ण ताकदीनिशी. मग लॉटीने वर पाहिलं. अंपायरचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. तो तिथून उठलाच नाही. किरोसने बॅट खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि तो पहिल्या बेसकडे चालू लागला, पोस्टात पत्र टाकायला निघाल्यासारखा. तिसऱ्या बेसवरचा गडी घरी, म्हणजे प्लेटवर, आला तोही चालतच, कारण पळण्याचं काही कारणच नव्हतं. पाच-चार. आणि काही क्षण स्टेडियम गप्प राहिलं, कारण काहीच न झाल्याबद्दल ओरडायचं कसं हे कुणाला सुचेना. दारूकामवाल्यांनाही सुचेना; त्यांनी निरोप न येताच काडी लावली, आणि चारच्या लख्ख उन्हात कुणाला न दिसणारी रोषणाई सुरू झाली. मग मात्र शहर फुटलं. एडी सोबोलने लॉटीचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्याचा मुका घेतला. "तुझ्या पायाशी बसतो, बाई," तो म्हणत होता, "उद्या येऊन हवं ते कापून ने." अनोळखी माणसं तिच्या पाठीत धपाधप मारत होती. नॉर्ब वहीकडे बघत होता.

"पेन गळलं," तो म्हणाला.

"गळतंच ते," लॉटी म्हणाली. चाळीस वर्षांत तिने त्याच्या बऱ्याच गोष्टी सोडल्या होत्या. ही सोडताना अंगभर ऊब पसरली.

स्टँडखालच्या बोळात बायकांच्या स्वच्छतागृहापुढची रांग सॉसेजच्या गाडीपर्यंत आली होती. तिथल्या कर्ण्यांवर व्हिन्स टेडेस्कोचा कार्यक्रम लावला होता, आणि शहर फोन करत होतं. लॉटी रांगेत उभी राहून ऐकत होती. पहिला माणूस म्हणाला, किरोसचा डोळा म्हणजे डोळा आहे, हे मी केव्हापासून सांगतोय. दुसरा म्हणाला, हे तर आमच्या घरात लहान पोरांनाही माहीत होतं. तिसरी एक बाई होती, ती म्हणाली मारण्यापेक्षा सोडणं अवघड, आणि हे वाक्य लॉटीचं होतं, जूनमधल्या दुसऱ्या शुक्रवारचं, शब्दन् शब्द. व्हिन्स स्वतः म्हणाला, माझा त्या माणसाच्या गुडघ्यांवर पहिल्यापासून विश्वास होता. रांगेतल्या बायका माना डोलवत होत्या. ऑगस्टमध्ये ज्या मतामुळे तिला बेकरीत टोमणे खावे लागत होते ते मत आता मोहरीसारखं सगळ्यांच्या हाताला लागलं होतं. तिला वाटलं होतं, जिंकलं की शांत वाटेल. इतकं गजबजलेलं वाटेल असं वाटलं नव्हतं. ती गालातल्या गालात हसू लागली, आणि तेवढ्यात कर्ण्यातून ओळखीचा घसा खाकरला.

"पुलास्की स्ट्रीटवरून नॉर्ब बोलतोय," कर्णा म्हणाला. "म्हणजे आत्ता स्टेडियममधून. तर व्हिन्स, मी बायकोला एप्रिलपासून सांगत आलो होतो—"

लॉटी रांगेतून बाहेर पडली. सार्वजनिक फोन भिंतीला ओळीने सहा होते आणि सहाव्याला नॉर्ब चिकटला होता, एक बोट कानात घालून, पाठ जगाकडे करून. "—की हा माणूस वेळेला उपयोगी पडेल," तो म्हणत होता. तिने त्याच्या खांद्यावर टकटक केलं. तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर तिला ते सगळं एकदम दिसलं, चिंचिला, बोट, अकॉर्डियन, आणि एके काळी सेंट कॅसिमिर चर्चच्या तळघरातल्या नाचात तीन मुलग्यांना नाही म्हणून बसलेल्या मुलीसमोर येऊन उभा राहिलेला, घामेजलेला, नकार मिळणार हे माहीत असूनही विचारणारा पोरगा. त्या दिवशी तिने सोडलं नव्हतं. तिने हात पुढे केला. नॉर्बने फोन मुकाट्याने तिच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" व्हिन्सने विचारलं. "नॉर्ब?"

"लॉटी."

बोळातल्या कर्ण्यातून तोच आवाज जरा उशिराने परत आला, जाडसर, खात्रीचा. लोक थांबले. सॉसेजवाल्याने चिमटा खाली ठेवला. कुणीतरी टाळी वाजवली आणि ती लांबवर पसरत गेली. "लॉटीबाई," व्हिन्स म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क नम्रता होती, ती त्याला घट्ट होत होती. "घंटा आज तुमच्यासाठी वाजवतो. सगळं शहर तुमचं ऐकतंय. बोला. आज म्हणाल ते खरं."

तिने नाणी टाकायच्या खाचेकडे पाहिलं, मग लोकांकडे. सगळे हसत होते, सगळे तिच्या बाजूचे. असं तिला कधी पाहायला मिळालं नव्हतं, आणि तिने ते नीट पाहून घेतलं, उजेडासमोर धरून, तळापासून कडेपर्यंत. कुठे चीर नव्हती. तिने आणखी एक क्षण ते तसंच धरून ठेवलं.

"मंगळवारच्या प्लेऑफच्या सामन्याबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "त्यांचा पिचर डावखुरा आहे. चेंडू आतून बाहेर जाणार, आणि किरोस डाव्याच हाताने खेळतो, त्याला तो दिसायला उशीर होणार. शिवाय गुडघा आजच धरलाय त्याचा, पहिल्या बेसकडे जाताना डावा पाय ओढत होता, तुम्ही कुणी बघितलं नाहीत. मंगळवारी त्याला खेळवू नका. बसवा बाकावर."

नॉर्बने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "लॉटीबाई," व्हिन्स हळूच म्हणाला, "किरोसला? बाकावर?" आणि मग सॉसेजच्या गाडीपासून सुरुवात झाली, एक माणूस, मग चार, मग बायकांची सगळी रांग, मग वरच्या जिन्यांवरून उतरणारे, ज्यांना काय झालं हे कळलंही नव्हतं ते, हूऽ करणारं एक अख्खं शहर भिंतींवर आपटून तिच्या तळपायांतून वर चढू लागलं. मंगळवार, शुक्रवार, पुन्हा मंगळवार. लॉटीने फोन दुसऱ्या कानाला लावला, खांदा भिंतीला टेकवला आणि चष्मा वर सारला.

"ओरडून झालं की सांगा," ती म्हणाली. "टॉलिव्हरबद्दल अजून बोललेच नाहीये मी."